बेटावर जायचा बेत

मागच्या महिन्यात आळ्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या. चहा येईपर्यंत एकीने मोबाईलवर चित्र दाखवलं. निळं पाणी, माडाची झाडं, पांढरी वाळू, ताहिती नावाचं बेट. "एकदा तरी असं कुठं जायचं," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. अष्टविनायक झाले, पंढरपूर झालं, पण बेट? मग ठरलं, जायचं की नाही ते नंतर बघू, आधी या बेटांवर कोण, कसं गेलं ते तरी शोधू. जे सापडलं ते आज सांगतो.

ताहिती, सामोआ, टोंगा ही बेटं प्रशांत महासागरातली. उत्तरेला हवाई, खाली न्यूझीलंड, पूर्वेला रापा नुई, एवढ्या मोठ्या त्रिकोणात पसरलेल्या या भागाला पॉलिनेशिया म्हणतात. टोंगा-सामोआला माणूस पोचला सुमारे २८०० वर्षांपूर्वी आणि न्यूझीलंडला सुमारे ७०० वर्षांपूर्वी. म्हणजे कधी? माउलींनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आपल्या आळ्यात आहे. माउलींच्या त्या काळाच्या आसपासच ही माणसं होड्यांतून न्यूझीलंडला उतरत होती.

त्यांच्या होड्या कशा, तर दोन लांब होड्या शेजारी ठेवून जोडलेल्या. बांधायला नारळाचा काथ्या. शिडं केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं विणून केलेली. होकायंत्र नव्हतं. तारे, लाटांचा रोख आणि पक्षी बघून दिशा धरायची. हे खरंच जमत असेल का, अशी पुष्कळांना शंका होती. म्हणून १९७६ मध्ये होकुलेआ नावाची तशीच होडी बांधून हवाईहून ताहितीला नेली. एकही यंत्र न वापरता ती साधारण महिन्याभरात पोचली.

आम्हाला सगळ्यात आवडली ती त्यांची शिदोरी. नव्या बेटावर संसार मांडायचा म्हणून त्यांनी होडीत रोपं आणि कंद घेतले होते. अळू, हळद, ऊस, केळी, नारळ. सोबत कोंबड्या. आपण अळूच्या पानांच्या वड्या करतो, हवाईतले लोक अळूचा कंद शिजवून, कुटून त्याची पोई करतात. एकादशीला आपण खातो ते रताळंसुद्धा युरोपातली जहाजं तिथं जायच्या आधीच त्यांच्याकडे होतं, दक्षिण अमेरिकेतून आलेलं. एवढी तयारी करून निघालेली माणसं वाट चुकून तिथं पोचली, असं कसं म्हणायचं? त्यांचा बेत पक्का होता.

पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे. पॉलिनेशियाच्या पश्चिमेला लागूनच फिजी आहे. तिथं इंग्रजांना उसाच्या मळ्यांसाठी मजूर हवे होते. १८७९ ते १९१६ या काळात हिंदुस्थानातून सुमारे ६०,००० माणसं तिकडं नेली. पाच वर्षांचा करार, म्हणजे ॲग्रीमेंट. त्याचंच लोकांनी 'गिरमिट' केलं. कागदावर काय लिहिलंय ते कित्येकांना वाचता येत नव्हतं. अंगठा उठवला की झालं. १०० पुरुषांमागे ४० बायका न्यायच्या, असा नियम होता. १९१२ मध्ये कुंती नावाची एक मजूर बाई मळ्यात एकटीच काम करत होती. मुकादम अंगावर आला तेव्हा अब्रू वाचवायला तिने नदीत उडी घेतली. ती वाचली. तिची हकीकत इथल्या वर्तमानपत्रात छापून आली आणि लोक खवळले. त्याच वर्षी आपल्या पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ही पद्धत बंद करा असा ठराव कायदेमंडळात मांडला. सरकारने तो मान्य केला नाही. पण ओरड थांबली नाही. १९१७ मध्ये मजूरभरती थांबली आणि १ जानेवारी १९२० ला फिजीतले उरलेले करार रद्द झाले.

आपली मराठी माणसंही अशीच गेली, पण हिंदी महासागरातल्या मॉरिशसला. कोकणातली आणि घाटावरचीही कुटुंबं मुंबई बंदरातून जहाजात बसली. १८३४ पासून तिथं देशभरातून साडेचार लाखांच्या आसपास माणसं उतरली. पोर्ट लुई बंदरातल्या ज्या घाटावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्या मराठी माणसांची पतवंडं आज तिथं गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. शाळेत मराठी शिकता येतं.

हे सगळं पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा कुणी हसलं नाही. एक आजी म्हणाल्या, "मग आधी आपल्या माणसांकडं जाऊ. ताहिती कुठं पळून जात नाही." तसा आमचा बेत ठरला आहे, मॉरिशसचा.

तो असा. दक्षिणेकडच्या या बेटांवर साधारण नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा हंगाम असतो. म्हणून जायचं मे महिन्यात. कांदा निघालेला असतो आणि पेरणी व्हायची असते. पासपोर्ट प्रत्येकीचा स्वतःचा. साधा काढायला १५०० रुपये लागतात. त्याआधी आधारवरचं आणि बाकीच्या कागदांवरचं नाव जुळतंय का ते बघायचं. पैशासाठी वेगळं खातं. गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही आणि सहलीसाठी कर्जही काढायचं नाही. तीन वर्षं साठवायचं, जमलं नाही तर चार.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. काहींच्या घरी बोलणं झालं, काहींच्या घरी वाद झाला, काहींनी अजून विषयच काढलेला नाही. "बायकांना बेटं कशाला बघायचीत?" असं कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, बायका तिथं कधीच जाऊन आल्यात. त्यांना मळ्याच्या मालकाने नेलं होतं, न वाचलेल्या कागदावर अंगठा घेऊन. आम्ही कागद वाचून सही करणार आहोत. आणि तीन-चार वर्षांनी का होईना, त्या घाटाच्या पायऱ्यांवर कुंतीसाठी आणि आपल्या आजी-पणज्यांसाठी एक नारळ ठेवणार आहोत.