लाल बिल्ला आणि भद्रावतीची आमदारकी

भद्रावती म्हटलं की लोकांना जैन मंदिर आठवतं, नाहीतर कोळसा. मला मात्र इथली १९९० ची विधानसभा निवडणूक जास्त इंटरेस्टिंग वाटते.

शरद जोशींची शेतकरी संघटना तोवर दहा वर्षं रस्त्यावर होती. सुरुवातीचा बाणा साफ होता: मतं नाही, भाव मागायचा. मग आमदारकी कशाला? माझ्या मते उत्तर कापसात आहे. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. म्हणजे पिकवायचा शेतकऱ्याने आणि विकायचा फक्त सरकारी खरेदी केंद्रावर. खासगी व्यापाऱ्याला देता येत नव्हता. राजुऱ्याच्या पलीकडे लगेच आंध्र (आता तेलंगण), पण तिकडेही नेता येत नव्हता. सगळ्या नाड्या मुंबईत. मग मुंबईत आपला माणूस नको?

१९९० ला संघटनेची माणसं जनता दलाच्या तिकिटावर उभी राहिली. भद्रावतीतून ॲड. मोरेश्वर टेमुर्डे निवडून आले, शेजारच्या राजुऱ्यातून ॲड. वामनराव चटप. टेमुर्डे तर पुढच्या वर्षी विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. मोठा मान! पण गंमत बघा, त्या खुर्चीत बसलं की सभागृह चालवायचं, बाजू घ्यायची नाही.

छातीवर लाल बिल्ला आणि मतपत्रिकेवर दुसऱ्याचं चक्र, हे किती दिवस टिकणार? जनता दल फुटत गेला. १९९४ मध्ये जोशींनी स्वतःचा स्वतंत्र भारत पक्ष काढला. २००४ मध्ये शिवसेना-भाजपशी युती करूनही अख्ख्या महाराष्ट्रातून त्यांचा एकच आमदार आला, राजुऱ्याचे चटप.

मोर्चाला लाखो आणि आमदार एक, असं का? मला वाटतं, खरेदी केंद्राच्या रांगेत उभा असलेला माणूस फक्त शेतकरी असतो. बूथवर तोच माणूस जातीचा, गावकीचा, कुणाचा तरी पाव्हणा असतो. त्यात भद्रावतीत त्याच्याच घरातला पोरगा खाणीत किंवा आयुध निर्माणीत कामाला. आंदोलनात एक मागणी पुरते, निवडणुकीत नाही पुरत.

२००८ च्या पुनर्रचनेत भद्रावती मतदारसंघाचं नावही गेलं, आता तो वरोरा. एकाधिकार खरेदीही राहिली नाही. कापसाच्या भावाचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि प्रत्येक निवडणुकीत 'मी शेतकऱ्याचा मुलगा' म्हणणारे उमेदवारही भरपूर आहेत.

त्यांना एकच विचारावं: निवडून आल्यावर भावाचं काय?