२३ फेब्रुवारी १९३९ : शॉ यांना ऑस्कर

नोबेलविजेते नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांना या दिवशी ‘पिग्मॅलियन’ या ब्रिटिश चित्रपटाच्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. वाटेकरी आणखी तिघे. शॉ मात्र खूश व्हायचं सोडून चिडलेच, असं सांगतात. ते त्यांच्या स्वभावाला धरूनच! या चित्रपटात लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला फुलं विकणारी एलायझा (वेंडी हिलर) प्राध्यापक हिगिन्सच्या (लेस्ली हॉवर्ड) शिकवणीनंतर वकिलातीच्या समारंभात अशी काही वावरते, की भाषापंडित म्हणून मिरवणारा कारपथी ती हंगेरीची राजकन्या असल्याचं छातीठोकपणे सांगत सुटतो. शॉ यांच्या मूळ नाटकात रंगमंचावर न दिसणारा हा प्रसंग चित्रपटात सर्वांत झकास जमलाय. पुलंनी १९७५ मध्ये याच नाटकाच्या मराठी रूपांतरात, ‘ती फुलराणी’त, एलायझाची मंजुळा केली. भक्ती बर्वेंनी ती गाजवली.