तिसऱ्या पाळीचा मालकंस

तिसऱ्या पाळीला निघालेले तुम्ही महाळुंग्यात चाकण-तळेगाव रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट बघताय. कानात मालकंस आहे, पण तबला-तंबोऱ्याशिवायचा. खाली यंत्राचा ठोका, त्यावर पिळवटत चढणारा विजेचा खर्ज. समोरचे दिवे मालवतात, शेडची जागा शेतं घेतात, आणि तुम्ही १९८२ सालात उभे असता. एक्स्प्रेस-वे अजून व्हायचाय. जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरून तुम्ही मुंबई गाठता.

गिरण्या जानेवारीपासून संपावर आहेत. 'कुर्बानी' येऊन दोन वर्षं झाली तरी डिस्कोचा भर ओसरलेला नाही. स्टुडिओत चरणजीत सिंग बसलेत. सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार आणि की-बोर्ड वाजवणारा हा कसबी वादक. स्टील गिटारवर सिनेगीतांच्या धुना वाजवून त्यांनी स्वतःच्या तबकड्याही काढल्यात. आज त्यांच्यापुढे रोलँड कंपनीची जोडगोळी आहे: ठोक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३. वरची सुरावट ते ज्युपिटर-८ वर हाताने वाजवतात. टीबी-३०३ खरं तर एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून निघालेलं यंत्र. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. ज्याचा हात स्टील गिटारवर सरकत घडला, त्याला त्या घसरणीत मींड सापडणारच. माझ्या मते आज इथे घडणाऱ्या तबकडीचं मर्म तिथे आहे.

१९८३ साली एचएमव्ही ती बाजारात आणते. नाव लांबलचक: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ललित, तोडी, यमन, कलावती, मेघ मल्हार, मालकंस… एकूण दहा राग, प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं. तुम्ही दुकानात जाऊन विचारता. फारसा उठाव नाही. बैठकीचा श्रोता 'डिस्को' वाचून ती खाली ठेवतो, नाचणारा 'राग' वाचून.

वर्षं भराभर पुढे सरकतात. १९८७ : शिकागोत 'फ्युचर' नावाचा गट याच टीबी-३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' काढतो आणि त्यातून ॲसिड हाउस हा प्रकार नावारूपाला येतो. २००२ : एडो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीत ही विसरलेली तबकडी सापडते. २०१० : तो ती पुन्हा प्रकाशित करतो. आता परदेशी समीक्षक थक्क होतात. शिकागोच्या आधी मुंबईत हे झालंच कसं? ही हल्लीच्याच कुणाची बनवाबनवी असावी, असाही संशय काहींना येतो. सत्तरी गाठलेले चरणजीत सिंग युरोपात वाजवून येतात. २०१५ च्या जुलैत ते जातात.

कौतुक मनापासूनचं होतं, तरी मला ते अपुरं वाटतं. सगळी मोजणी शिकागोपासून किती वर्षं आधी, एवढीच. राग कसा वाजला, हे विचारायला सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात रात्र जागवणारा कान हवा होता, आणि तो कान १९८३ मध्ये इथे हाकेच्या अंतरावर होता. म्हणून परत त्या साली या. तबकडी विकत घ्या, ऐका, आणि तेव्हा राहून गेलेलं परीक्षण लिहा.

मालकंसापासून सुरुवात करा. रिषभ-पंचम वर्ज्य, गंधार-धैवत-निषाद कोमल. या पाच स्वरांचा अंधार यंत्राच्या कोरड्या ठोक्यावर आणखी दाट होतो, हे मोकळेपणाने लिहा. आलाप नाही, त्यामुळे राग उलगडायच्या आधीच धावू लागतो, हेही लिहा. पहाटेचा ललित आणि मध्यरात्रीचा मालकंस जवळपास एकाच चालीने चालतात, हा दोष खरा आहे. तो झाकू नका. आणि ललितात दोन मध्यम एकमेकांना लागून येतात तिथे खर्ज कसा वागतो, ते दोनदा ऐकून मगच मत द्या.