खाजकुइरीचे बी

साताऱ्याच्या जावळी-कोयना खोऱ्यांत किंवा सांगलीकडील शिराळ्याच्या डोंगरांत हिंडलेल्यांस खाजकुइरीची ओळख करून द्यावयास नको. शेंगेवरील लव अंगाला लागली की भला माणूस नाचू लागतो! लवेतील द्रव्य कातडीतील मज्जातंतूंवरचे ग्राहक-प्रथिन, जणू पेशीच्या दाराचे कुलूप, उघडते. खाज सुटते ती त्यामुळे.

आतले बी मात्र निराळे. वैद्यमंडळी त्यास कपिकच्छू म्हणतात. १९३७ साली मद्रासेत दामोदरन व रामस्वामी यांनी त्यातून लेव्होडोपा वेगळे काढले. पण ते कंपवातावर चालेल, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हते. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकीविझ यांनी कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत डोपामाइनची वाण असल्याचे दाखविले. ते बनविणाऱ्या पेशीच झिजून मरतात. म्हणजे कुलपे जागच्या जागी, किल्ल्या तेवढ्या हरवलेल्या! मेंदूत शिरून लेव्होडोपाचे डोपामाइन होते आणि किल्ली पुन्हा फिरू लागते.

१९७८ मध्ये मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व सहकारी यांनी या बियांच्या चूर्णाने रोग्यांना गुण आल्याचे प्रसिद्ध केले. पेशींची झीज मात्र लेव्होडोपाने थांबत नाही. म्हणून घरातल्या आजोबांची मात्रा बहुधा वर्षागणिक वाढवावी लागते.