अंडे फोडण्यास साहाय्य (कुक्कुटपालन)

उबवणीचा काळ पुरा होऊनही ज्या पिलाला कवच भेदून स्वबळावर बाहेर येता येत नाही, त्यास मानवी हाताने केलेली मर्यादित मदत. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याभोवतीच्या खेड, मावळ व हवेली तालुक्यांत खुडूक कोंबडी रवणीला बसविण्याची जुनी रीत आणि विजेवर चालणारी उबवणयंत्रे आजही शेजारी-शेजारी नांदत असल्याने हा प्रश्न घरोघरच्या खुराड्यांत वारंवार उद्भवतो.

संस्था : खडकी येथे राज्य शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व्यंकटेश्वर हॅचरीजचे मुख्यालय पुण्यात असून राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा (१९८२) कारभारही पुण्यातून चालतो. मोठ्या हॅचरीत एकेक पिलू हाताने सोडविण्याचा परिपाठ नाही.

स्फुटनक्रम : कोंबडीचे अंडे २१, टर्कीचे सुमारे २८ व जपानी लाव्याचे १७-१८ दिवसांत फुटते. कोंबडीच्या अंड्यांना पंख्याच्या यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सियस उष्णता देतात व अठराव्या दिवशी ती फिरविणे थांबवून हवेतील आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवरून ६५-७० टक्क्यांपर्यंत वाढवितात. पिलू प्रथम बोथट टोकाकडील वायुकोशात चोच घालते, तेव्हा त्याचे फुफ्फुसांनी श्वसन सुरू होते आणि कवचाआडून चिवचिव ऐकू येते. पुढे चोचीवरील अंडदंताने ते कवचाला पहिला टवका पाडते आणि मग बारा ते चोवीस तास जवळजवळ निश्चल राहते. या अवधीत कवचाच्या आतील पटलातील रक्त पिलाच्या देहात परत जाते व उरलेले पीतक बेंबीवाटे पोटात ओढले जाते. म्हणून बाहेरून असहायता भासणारी ही स्तब्धता वस्तुतः जन्माचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय, आणि दयेपोटी घाईने कवच सोलणारे हात नेमका याच वेळी पिलाचा घात करतात.

अडथळ्याची कारणे : यंत्र वारंवार उघडल्याने आर्द्रता उतरून पटल वाळणे व पिलाच्या अंगाला चिकटणे, उलटपक्षी अति आर्द्रतेने अंड्यातील पाणी पुरेसे न उडणे (अठराव्या दिवसापर्यंत वजनात सुमारे १२ टक्के घट अपेक्षित असते), वीज खंडित होऊन उष्णता घटल्याने विलंब, डोके निमुळत्या टोकाकडे असणे, पैदाशीच्या कोंबड्यांच्या आहारातील न्यूनता.

कृती : टवका पडून चोवीस तास लोटले, चीर पुढे सरकत नाही आणि पटल पांढरे-पिवळट व चिवट दिसते, तरच हात घालावा. अंधाऱ्या खोलीत बोथट टोकाशी टॉर्च धरून पटलातील शिरा पाहाव्यात. त्या लाल व भरलेल्या असतील तर अंडे उबवणयंत्रात परत ठेवावे. शिरा ओसरल्या असतील तर हात धुऊन, कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने पटल ओले करावे, पाणी पिलाच्या नाकपुड्यांत जाऊ देऊ नये, आणि टवक्यापासून वायुकोशाच्या कडेने चिमट्याने डाळीएवढे एकेक कपचे काढावे. रक्ताचा थेंब दिसताच त्या क्षणी थांबून, ती जागा दाबून, अंडे काही तासांसाठी परत उबेत ठेवावे. डोके व मान मोकळी झाली की काम संपले. खालचे अर्धे कवच पिलाने स्वतःच्या पायांनी ढकलून टाकावे. बेंबी ओली असेल तर ती ओढू नये. पोटातील पीतकावर पिलू दोन दिवस तग धरते. म्हणून दाणा-पाण्याची घाई नसावी, अंग वाळेपर्यंत ऊब मात्र अखंड हवी.

मतभेद : अशा रीतीने सोडविलेली पिले पुढे पैदाशीस ठेवावीत की नाही, याबाबत पाळणाऱ्यांत एकमत नाही. अडथळ्याचे कारण आर्द्रतेचे असेल तर पिलू पुढे सुदृढ वाढू शकते.

वन्य पक्षी : टिटवी मोकळ्या भूखंडांवर उघड्या जमिनीवरच अंडी घालते व मोराचे घरटेही जमिनीवर असते, त्यामुळे अशी अंडी सहज दृष्टीस पडू शकतात. परंतु वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांची अंडी उचलणे वा त्यांच्या घरट्यांना उपद्रव देणे हा गुन्हा असल्याने वरील कृती त्यांस लागू नाही; अंडी जागीच ठेवून वन विभागास कळवावे.