दात्यांच्या कड्यातला बगळा

सायकलचे छायाचित्र नेहमी उजव्या बाजूने काढतात. जुने कॅटलॉग काढून पाहा, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती पाहा. पुढचे चाक उजवीकडे, मागचे डावीकडे आणि साखळी आपल्या समोर. डाव्या बाजूला बघण्यासारखे काही नसते. बघण्यासारखे जे असते ते उजवीकडे, पेडलांच्या मुळाशी असते. ते म्हणजे चेनव्हील.

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सायकलसह काढलेले एकच छायाचित्र आमच्या घरात आहे. साताऱ्यातल्या एका स्टुडिओत 1964 साली काढलेले. मागे रंगवलेला पडदा आहे, त्यावर कारंजे आणि दोन खांब. अण्णा सायकलच्या पलीकडे उभे आहेत, एक हात सीटवर. सायकलची उजवी बाजू अर्थातच कॅमेऱ्याकडे. साखळीवर कव्हर नाही, आणि चेनव्हीलमध्ये तीन बगळे स्पष्ट दिसतात. “ही अण्णांची रॅले, बिलायती,” असे आम्हा भावंडांना लहानपणापासून सांगितलेले. अण्णा प्राथमिक शिक्षक होते. शाळा नऊ किलोमीटरवर. कव्हर नसल्यामुळे पायजम्याचा पायचा साखळीत अडकायचा, म्हणून ते घोट्याला लोखंडी क्लिप लावत. मग कव्हर काढले कशाला, हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नाही.

मी इंजिनियर नाही. विमा कचेरीतली नोकरी सांभाळून गेली वीसेक वर्षे जुन्या सायकलींचे सुटे भाग पाहत, मोजत आणि जमतील तसे विकत घेत आलो. पुण्याचा जुना बाजार ही माझी शाळा, आणि भंगारवाले आणि सायकल-मिस्त्री हे शिक्षक. या नादात एक गोष्ट लक्षात आली. सुट्या भागांच्या देखणेपणाबद्दल बोलणारे लोक बहुधा चकाकीबद्दल बोलतात. मला चकाकीपेक्षा भोकांचे कुतूहल वाटत आले आहे.

चेनव्हीलचे काम तसे साधे. क्रँकने फिरवलेला जोर साखळीपर्यंत न्यायचा. साखळीच्या दोन कड्यांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. दाते 46 असतील तर चाकाचा व्यास सुमारे 186 मिलिमीटर भरतो, जेवणाच्या ताटापेक्षा लहान आणि ताटलीपेक्षा मोठा. बाहेर दात्यांचे कडे हवे, मध्ये क्रँकला धरणारे कडे हवे, आणि दोहोंना जोडणारे थोडे लोखंड हवे. बाकीची जागा रिकामी राहिली तरी चालते. उलट वजन कमी होते. ते जोडणारे लोखंड सरळ तीन पट्ट्यांचे असू शकते, पाचांचे असू शकते. साखळीला त्याच्याशी काही देणेघेणे नाही. सायकलवर इतकी मोकळी जागा कारागिराला दुसरीकडे कुठेच मिळत नाही. फ्रेमच्या नळ्या कुठे जोडायच्या हे भूमितीने ठरवलेले, चाकाच्या तारा ताणाने बांधलेल्या. चेनव्हीलच्या पोटात मात्र मोकळे रान.

आपल्याकडचा जुना पितळी अडकित्ता आठवा. सुपारी कातरायला दोन दांडे आणि एक पाते पुरते. पण दांड्याचा मोर झाला, पोपट झाला, आणि तरी सुपारी कातरलीच गेली. हे चेनव्हील त्याच जातीचे आहे.

इंग्रजी कारखान्यांनी या मोकळ्या जागेचे जे केले ते पाहण्यासारखे आहे. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली आणि मागच्या चाकाला साखळीने जोर देणारी सायकल रूढ झाली. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीत पेडल थेट पुढच्या चाकाला, त्यामुळे चेनव्हीलच नव्हते. साखळी आली आणि काही वर्षांतच कारखान्यांना समजले की हे चाक म्हणजे फिरती पाटी आहे. बर्मिंगहॅमच्या बीएसएने, जी मुळात 1861 साली बंदुकांसाठी स्थापन झालेली कंपनी, चेनव्हीलमध्ये आपल्या नावाची तीन अक्षरेच कापली. तिचे बोधचिन्ह मात्र एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका. सुट्या भागांवर त्या इतक्या बारीक ठोकलेल्या असतात की भिंगाखाली धराव्या लागतात. कोव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थच्या चाकात उघडा पंजा. हंबरच्या चाकात पाच माणसांच्या आकृत्या. पेडल मारले की ती पाचही जण कोलांट्या खात फिरतात.

आणि रॅलेचा बगळा. नॉटिंगहॅममधल्या रॅले स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक लहान सायकल-कारखाना होता. फ्रँक बाउडनने तो घेतला आणि 1888 मध्ये कंपनी काढली. कंपनीचे नाव त्या रस्त्यावरून, आणि बगळा बाउडन घराण्याच्या चिन्हातून आला. चेनव्हीलमध्ये तीन बगळ्यांची डोकी आहेत. मधले कडे आणि दात्यांचे कडे यांना जोडणारे लोखंड म्हणजेच हे बगळे. सजावट म्हणून वर काही चिकटवलेले नाही. बगळे काढून टाकले तर चाकच सुटे होईल. चोच आणि मान यांची रेषा इतकी नेमकी आहे की सायकल उभी असताना पक्षी दिसतो आणि वेगात असताना फक्त एक चंदेरी धूसर वर्तुळ. म्हणजे पक्षी पाहायचा तर सायकल थांबलेली हवी. दुकानात, स्टँडवर, किंवा फोटो स्टुडिओत.

दुसऱ्या भागांचे देखणेपण वेगळ्या प्रकारचे असते. ब्रुक्सची चामडी सीट वापराने सुंदर होते. बसणाऱ्याची हाडे तिच्यावर आपला नकाशा उमटवतात. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर वर्ष आणि महिना ठोकलेला सापडतो, आणि माझ्यासारख्याला तो शिलालेख सापडल्याचा आनंद देतो. ल्युकसच्या ‘किंग ऑफ द रोड’ घंटीचा घुमट तळहातावर घ्यावासा वाटतो. युरोपातले संग्राहक इटलीतल्या विचेंझाच्या तुल्लिओ कांपान्योलोच्या गिअरांवर जीव टाकतात. ते भाग देखणे आहेतच. पण आमच्या मातीच्या रस्त्यांवर ते कधी आले नाहीत, तेव्हा त्यांच्याबद्दल इतरांनी लिहावे.

चकाकीबद्दल मात्र एक कबुली द्यायची आहे. सुरुवातीच्या सायकलींवर निकेलचा मुलामा असे. त्याचा पांढरा रंग किंचित पिवळसर, उबदार. क्रोम बाजारात रुळले 1920 च्या दशकाच्या अखेरीस. ते निळसर आणि थंड. माझ्या हाती आलेले पहिले बीएसएचे चेनव्हील निकेलचे होते, डाग पडलेले. मी ते हौसेने क्रोम करायला दिले. नवा मुलामा चढवण्याआधी जुना काढून घासावा लागतो. घासताना अक्षरांच्या धारा गेल्या. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेले ते चाक परत आले, लखलखीत. ते अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला असते. पत्रा ठोशाने कापला जातो तेव्हा कडेला जी धार राहते, तिच्यातच त्या अक्षरांचा सगळा ठसका होता, हे मला ती घालवल्यावर समजले.

आता ज्या गोष्टीपाशी मला यायचे होते तिच्याकडे येतो. रॅलेने 1932 मध्ये हंबरच्या सायकली ताब्यात घेतल्या, 1943 मध्ये रज-व्हिटवर्थच्या, आणि 1957 मध्ये बीएसएचा सायकल विभाग. नावे मिटवली नाहीत. त्या नावांना गिऱ्हाईक होते, ती दुकाने होती, आणि बाप हंबरवाला तर मुलगा हंबरवाला अशी घराणी होती. त्यामुळे एकाच मालकाच्या छत्राखाली बगळा, पंजा आणि पाच माणसे असे सगळे निघू लागले. साध्या रोडस्टरच्या बाबतीत नळ्या, हब आणि कप यांतला फरक उत्तरोत्तर आटत गेला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना फरक कळावा म्हणून उरले काय? पुढच्या नळीवरची पाटी, रंग, आणि चेनव्हीलमधली भोके. कारखान्याने जोर एकसारखा केला आणि चित्रे वेगळी ठेवली. इतिहासकार याला विक्रीची युक्ती म्हणतील, आणि ती होतीच. पण युक्ती चालली, कारण लोक खरोखर त्या चित्राकडे बघत होते.

आपल्याकडे हे बघणे अधिकच तीव्र होते. मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना 1939 साली निघाला, तरी बिलायती सायकलीचा दिमाख ओसरला नव्हता. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि देशी कारखाने उभे राहिले. मद्रासला टीआय सायकल्स 1949 मध्ये, सोनीपतला ॲटलस 1951 मध्ये, लुधियानाला हीरो 1956 मध्ये. आसनसोलला रॅलेच्या सहकार्याने सेन-रॅले. या सायकली मजबूत होत्या, त्यांनीच देश चालवला. पण गावात कोणाच्या चेनव्हीलमध्ये काय आहे, हे पोरांनाही ठाऊक असे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. तिथे गेलात तर उभ्याने पाहू नका. उकिडवे बसा आणि चेनव्हीलच्या उंचीवरून पाहा. दारात बसलेले पोर सायकल याच उंचीवरून पाहते.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका संग्राहकाने अण्णांची सायकल पाहायला मागितली. छायाचित्र त्याने पाहिले होते. अस्सल रॅले असेल तर तो चांगली रक्कम द्यायला तयार होता. धाकट्या भावाच्या मुलीच्या प्रवेशाचे दिवस होते, आणि सायकल गावच्या पडवीत नुसती उभी होती. मी म्हटले, आधी उघडून नीट पाहतो.

कॉटर ठोकून काढल्या, क्रँका उतरवल्या. उजवी गोल कडांची, डावी चौकोनी. इथे मनात पाल चुकचुकली. मग एक्सल काढला, छर्रे वाटीत घेतले आणि कप फिरवून बाहेर काढला. नॉटिंगहॅमच्या रॅलेची एक खोड होती: इतर इंग्रजी सायकलींच्या कपावर इंचात 24 आटे असत, रॅलेच्या कपावर 26. तिने स्वतःचे माप अनेक दशके सोडले नाही आणि जगभरच्या मिस्त्र्यांच्या शिव्या खाल्ल्या. लेथवाल्याकडून आटे मोजायचा गेज आणला होता. 26 चे पाते बसेना. 24 चे बसले. पुन्हा लावले, पुन्हा बसले. फ्रेम रॅलेची नव्हती.

त्या रात्री अण्णांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. 1964 सालच्या वहीत, छायाचित्राच्या आधी तीन आठवडे, त्यांच्या शाळामास्तरी अक्षरात एक ओळ होती: ‘रॅले चाक, क्रँकसह, जुने – 14 रु.’ या सायकलींत चेनव्हील आणि उजवी क्रँक एकत्रच पक्की केलेली असते, सुटे चाक मिळत नाही, म्हणून ‘क्रँकसह’. डावी त्यांनी घेतली नाही. ती बाजू फोटोत येत नाही. त्याखाली तीन आठवड्यांनी: ‘फोटो – 3 रु.’

आईला विचारले, साखळीला कव्हर नव्हते का? ती म्हणाली, “होतं की. त्यांनीच काढलं. बगळा झाकला जायचा ना.”

नॉटिंगहॅमला कारखान्यांनी जे केले तेच अण्णांनी साताऱ्यातल्या एका दुकानात, चौदा रुपयांत केले होते. मला हसू आले, आणि थोडे अवघडल्यासारखेही झाले. घरातली चाळीस-पन्नास वर्षांची गोष्ट मी एका गेजने मोडली होती. ते ‘बिलायती’ अण्णा स्वतः कधी म्हणाले होते का, हे आठवून पाहिले. ते ‘माझी सायकल’ म्हणत. बिलायती आम्ही म्हणत होतो.

संग्राहकाला फोन करून खरे ते सांगितले. तो सज्जन माणूस. फ्रेम नको म्हणाला, पण चेनव्हीलचा फोटो मागून घेतला. बगळ्यांच्या धारा शाबूत आहेत, कधी क्रोमला दिलेले नाही, हे त्याने फोटोवरूनच ओळखले. तेवढेच चाक क्रँकसह घेतो म्हणाला. रक्कम पूर्ण सायकलीची नव्हती, पण थोडीही नव्हती.

भावाला सांगितले. तो पडवीच्या पायरीवर बसून होता, सायकल समोर आडवी, पोट उघडे. त्याने चाक उचलून उजेडाकडे धरले आणि बगळ्यांच्या मधून अंगणाकडे पाहिले.

“दे की दादा,” तो म्हणाला. “त्यात अस्सल तेवढंच आहे ना?”

मी हो म्हटले. ग्रीसचा डबा जवळच होता. वाटीतले छर्रे पुसून एकेक कपात बसवले, एक्सल घातला. चाक त्याच्याच हातात होते. थोड्या वेळाने त्याने ते पुढे केले आणि कॉटर ठोकायला हातोडी शोधू लागला.