नव्वदीत वजन उचलणारी माणसं

आजचा भाग एका वाक्यापासून सुरू करू. तुमच्याही घरात ते रोज ऐकू येत असेल: "आजी, तू बस, मी आणतो." माया असते त्यात, नाही असं नाही. पण आजची गोष्ट वाचल्यापासून मी हे वाक्य बोलताना जरा थांबतो.

चला, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाकडे. शिकागोच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये गुडघे दुखावलेले अमेरिकन सैनिक पडून होते. प्लास्टर निघालं की मांडी वाळलेली दिसायची. तेव्हाची पद्धत म्हणजे आराम आणि हलका व्यायाम. तिथला तरुण डॉक्टर थॉमस डीलॉर्म स्वतः मुलगा असताना रुमॅटिक फीव्हरने अंथरुणाला खिळला होता आणि वजनं उचलून पुन्हा ताकदवान झाला होता. त्यानं सैनिकांनाही जड वजन दिलं, आणि जमायला लागलं की ते वाढवत नेलं. 1945 मध्ये त्यानं हे छापलं. जिममध्ये आपण दहाचे तीन सेट मारतो ना, ती पद्धत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

पण स्नायू वाढतो कसा? 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या स्नायूत, तंतूंना चिकटून बसलेल्या छोट्या पेशी दिसल्या. त्यांना नाव मिळालं सॅटेलाइट सेल्स. एरवी त्या झोपलेल्या असतात. तंतूला इजा झाली किंवा जोरदार ताण पडला की जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत मिसळून दुरुस्तीला लागतात. शिवाय ताण पडला की तंतू स्वतःही जास्त प्रोटीन बनवतो आणि जाड होतो.

मग म्हातारपणी काय होतं? स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही नसा मरतात, तंतू कमी होतात, त्यातही झटकन ताकद लावणारे जास्त. गंमत म्हणजे या झिजेला 1988 पर्यंत धड नावही नव्हतं. आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हा शब्द सुचवला. ग्रीक मुळाचा, अर्थ मांसाची कमतरता. नाव नव्हतं, म्हणून सगळे म्हणायचे, "वय झालं, चालायचंच."

आणि आता खरी गोष्ट. 1990. बॉस्टनमधली वृद्धांची संस्था. डॉक्टर मारिया फियाटारोन आणि त्यांच्या टीमनं दहा अशक्त माणसं निवडली. सरासरी वय 90! त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीचा व्यायाम करून घेतला, तोही चांगल्या जड वजनानं. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट. दोघांची काठी सुटली.

आता बघा, मांडीचा स्नायू वाढला फक्त 9 टक्के. मग एवढी ताकद आली कुठून? मुख्यतः नसांकडून. आहे तोच स्नायू नीट वापरायला मेंदू शिकला. आमच्या भाषेत सांगायचं तर, हार्डवेअर थोडंच बदललं, सॉफ्टवेअर अपडेट झालं.

पण व्यायाम थांबवून चारच आठवडे झाले आणि 32 टक्के ताकद गेली.

1994 मध्ये याच टीमनं शंभर वृद्धांवर अभ्यास केला. नुसतं पोषक पेय देऊन, व्यायामाशिवाय, अशक्तपणा हटला नाही. प्रोटीन शेकवाल्या मित्रांनो, ऐकताय ना?

म्हणजे नव्वदीतही स्नायू ऐकत होता. त्याला कुणी काम सांगत नव्हतं, एवढंच.

लगेच आजीच्या हातात डंबेल देऊ नका हं. आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट. पण खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं हासुद्धा व्यायामच आहे. परवा आजी पाण्यासाठी उठायला लागली तेव्हा मी म्हटलं, "चल, मी पण येतो." तिला दोन मिनिटं जास्त लागली. लागू देत.

भेटूया पुढच्या भागात.